गंज पत्र्यापुरता

"पाय हलताहेत. म्हणजे जीव आहे," कुणीतरी म्हणालं.

मी माझ्याच गाडीखाली उताणी पडले होते. पाठीखाली ओला रस्ता, कपाळावर टपटपणारं काळं पाणी, आणि हातात अजून कोमट असलेला सायलेन्सर. टेकडीच्या वळणावर तो सुटून लोंबायला लागला होता. बोलणाऱ्याचे मला दिसत होते ते फक्त दोन पिवळे गमबूट.

"जीव आहे, तार नाहीये," मी म्हटलं. "तुमच्याकडे आहे?"

"दोरी आहे. बोटीवरची."

"दोरी जळेल."

"जळेपर्यंत घरी पोचाल की."

गमबूट लांब गेले, कुंपणापाशी काहीतरी खुडबुडले आणि परत आले. मग एक चेहरा खाली वाकला — उलटा. दाढीत पावसाचे थेंब अडकलेले, डोळे करडे, आणि ते हसत होते. त्यानं मेंढ्यांच्या कुंपणाची तार माझ्या हातात दिली. देताना आमची बोटं एकमेकांना लागली. माझी काळी, त्याची गार.

"ही गाडी गेल्या तपासणीत पास कुणी केली?" त्यानं विचारलं. "त्या माणसाला आधी धरलं पाहिजे."

"बाई आहे ती. धरून बघा. चावते म्हणतात."

"असं? मग सांभाळून धरेन."

मी बाहेर येईपर्यंत तो आपल्या व्हॅनमध्ये बसून निघूनही गेला होता. पाऊस आडवा लागत होता, आमच्याकडे तो नेहमी आडवाच लागतो. मी बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी राहिले... उगाचच.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजच्या दारात उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे.

"तार टिकली का ते बघायला आलो," तो म्हणाला, आणि माझ्या अंगातला डगला, भिंतीवरची पाटी, हातातली छोटी हातोडी हे सगळं त्यानं एकेक करून पाहिलं. "आणि ती चावणारी बाई..."

"समोर उभी आहे."

त्याचे कान लाल झाले. मला तो तिथेच आवडला, हे आता सांगायला हरकत नाही.

गॅरेज बर्टीकाकांचं. स्कॉटलंडच्या वरच्या शेटलंडमधल्या आमच्या या लहानशा बेटावर ते एकच. काकांचे गुडघे गेले तेव्हा मी लर्विक शहर सोडून त्यांच्याकडे आले, परीक्षा दिली आणि गाड्यांची सालाबादची तपासणी माझ्याकडे आली. इथे समुद्राचा वारा मीठ घेऊन येतो, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर आणखी मीठ टाकतात. त्यामुळे गंज नाही अशी गाडी बेटावर शोधून सापडायची नाही. माझं अर्धं आयुष्य 'हा गंज धोक्याचा की नुसता दिसायला वाईट' एवढंच ठरवण्यात जातं.

त्याचं नाव एर्लेंड. आई गेली तेव्हा तो मोठ्या जहाजावरची नोकरी सोडून घरी परत आला होता, बापाजवळ राहायला. आता आमच्या बेटाच्या फेरीबोटीवर गाड्या चढवायचं-उतरवायचं काम करत होता. त्या भेटीनंतर त्याच्या व्हॅनमध्ये रोज नवा आवाज यायला लागला. कधी दार करकरायचं, कधी आरसा थरथरायचा. एकदा तर म्हणाला, "बंद असताना काहीतरी वाजतं."

"बंद असताना वाजतं ते घड्याळ असेल."

"घड्याळ नाहीये गाडीत."

"मग तुझं डोकं असेल."

"असेल," तो म्हणाला. "तेही तपासतेस का? काय पडतं?"

बर्टीकाका कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मेरन, या पोराची गाडी ठीक आहे. त्यालाच एकदा वर चढव आणि खालून बघ." काका दिवसातून एखादंच वाक्य बोलायचे, त्यातलं ते होतं. एर्लेंड हसला, मी हातोडी शोधायला लागले — ती माझ्या हातातच होती.

संध्याकाळी त्याची शेवटची फेरी संपली की आम्ही धक्क्याच्या भिंतीवर बसायचो. तो समुद्रावरच्या गोष्टी सांगायचा, मी काही न सांगता ऐकायचे. निघताना तो माझ्या टोपीवरचे पावसाचे थेंब दोन बोटांनी झटकायचा. एवढंच. पण घरी गेल्यावर मी टोपी लगेच काढायचे नाही.

मग एके दिवशी तो बापाची गाडी घेऊन आला.

गिबीकाका — गिल्बर्ट, पण बेटावर कुणी तसं म्हणत नसे — जन्मभर मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. आता बेटाच्या पार उत्तर टोकाला त्यांच्या मेंढ्या होत्या आणि रोज दुपारी ते हिरव्या गाडीतून त्यांच्याकडे जायचे. गाडी म्हातारी होती आणि दिसायला त्याहून म्हातारी. मडगार्डच्या कडा कुरतडल्यासारख्या, बॉनेटवर रंगाचे फोड, मागच्या चाकावरच्या पत्र्याला तर बोट जाईल एवढं भोक.

"काय अवतार आहे," एर्लेंड म्हणाला. पण त्या दिवशी तो हसत नव्हता.

मी गाडी लिफ्टवर वर घेतली, दिवा लावला आणि खाली शिरले. तोही माझ्यामागून आला.

"भोक नाही बघायचं?" त्यानं विचारलं.

"ते भोक कातडीवरचं आहे. वरचा पत्रा काही धरून ठेवत नाही, नुसता झाकतो. मला हाडं बघायची असतात." मी दाराखालच्या जाड पट्टीवर हातोडीनं टकटक केलं. गाडीचा हा उंबरा. हा कुजला तर गाडी धडकेत घडी होते. ठण... ठण... ठण. "ऐक. कुजलेलं लोखंड असं बोलत नाही. ते ओल्या पुठ्ठ्यासारखं भद् करतं."

मग चाकं जिथे अंगाला जोडलेली असतात ती जागा पाहिली, सीटबेल्टचे बोल्ट पाहिले, ब्रेकच्या नळ्या नखानं खरवडून पाहिल्या. सगळीकडे तेलाचा जाड, जुना, काळजीनं दिलेला थर होता. इंजिनवाल्या माणसानं दर शरद ऋतूत गाडीखाली झोपून स्वतःच्या हातानं दिलेला. कुठेही काहीही लपवलेलं नव्हतं. मला बरं वाटलं. चांगलं सांभाळलेलं काही पाहिलं की मला नेहमीच बरं वाटतं.

"पास," मी म्हटलं. "बाबांना सांग, वरून भूत आहे, आतून पैलवान."

त्यानं त्या ठणठणीत उंबऱ्यावरून बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाला, "नापास कर."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"नापास कर, मेरन. गंजानं खाल्लीय म्हणून लिही. बघणाऱ्या कुणालाही पटेल. तुझ्यावर कुणी शंका घेणार नाही."

"पण का?"

त्यानं दिव्याकडे पाठ केली. "त्यांना दिसत नाही. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. चहा कपाबाहेर ओततात आणि म्हणतात, कप हलला. परवा दारात मी उभा होतो, तर म्हणाले, कोण पाहिजे. आवाज ऐकल्यावर ओळखलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की जेवण सोडून उठतात. आई गेल्यापासून त्यांच्याकडे दोनच गोष्टी राहिल्यात, मेंढ्या आणि ही गाडी. ती चालवू नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? गाडीच गेली, तर... माझ्या बोलण्यानं ती गेली असं होणार नाही. गंजानं गेली असं होईल."

पावसाचा आवाज पत्र्यावर वाढला. मला त्याच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं, आणि मी तशी उभीही राहिले. पण जे बोलले ते वेगळं होतं.

"एर्लेंड, ही गाडी धडधाकट आहे."

"माहितेय."

"मग मी कसं लिहू? उद्या एखाद्याची खरंच कुजलेली गाडी मी नापास केली, तर त्यानं माझ्यावर विश्वास का ठेवायचा?"

"हा एकच अपवाद."

"तू सांग त्यांना. हवं तर मी तुझ्याबरोबर येते. पण गाडीच्या नावानं नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. इतक्या दिवसांत त्या डोळ्यांत मी असं काही पाहिलं नव्हतं. राग नव्हता तो, दूर गेल्यासारखं काहीतरी होतं.

"तुला सोपं आहे," तो म्हणाला. "तू लोखंडाशी बोलतेस."

त्यानं गाडी घेतली आणि गेला.

नंतर त्याच्या व्हॅनमध्ये कुठलाच आवाज येईना. धक्क्याच्या भिंतीवर मी दोनदा जाऊन बसले, तो बोटीवरून उतरला आणि मान हलवून निघून गेला. हिरवी गाडी रोज दुपारी गॅरेजवरून उत्तरेकडे जायची. ती जाताना माझा हात थांबायचा, आणि परत येईपर्यंत मी कामात असल्याचं सोंग करायचे. मी बरोबर होते... असं स्वतःला सांगायचे. पण ती गाडी पास केल्याची सही माझी होती आणि त्या गाडीत तो माणूस होता, हेही खरंच होतं. मी जाऊन त्यांच्याशी बोलू शकत होते. नाही गेले. वाटायचं, ते मुलाचं काम. एर्लेंडला वाटायचं, ते गाडीचं काम. आणि गिबीकाका मजेत गाडी चालवत होते.

शरदातली एक लख्ख दुपार होती. काही सुटे भाग आणायला मी पलीकडच्या मोठ्या बेटावर निघाले होते, बोटीवर पायीच चढत होते. सूर्य अगदी खाली, समोरून डोळ्यांत येणारा. एर्लेंड उतारावर उभा राहून गाड्या आत घेत होता. आत एक ट्रक मागे घेत होते, म्हणून त्यानं हात वर केला — थांबा. रांगेत पहिली हिरवी गाडी होती. गिबीकाका मेंढ्यांचा खुराक आणायला निघाले होते.

गाडी थांबली नाही.

वेग फार नव्हता. एर्लेंड जागचा हलला नाही, कारण सगळं माहीत असूनही, आपला बाप थांबणारच असं त्याला वाटलं असणार. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शेवटच्या क्षणी त्यानं बॉनेटवर दोन्ही तळवे आपटले, आणि ब्रेक लागले. मीच तपासलेले ब्रेक. सरळ, कुठेही न खेचता. गाडी त्याच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली.

गिबीकाकांनी काच खाली केली. "कोण रे तो मधे उभा? कपडे तरी जरा उठावदार घालत जा."

एर्लेंडनं नारिंगी जाकीट घातलं होतं.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कप्तानानं वरून हाक मारली, त्यानं हातानंच सांगितलं — काही नाही, ठीक आहे. आणि गाडी आत घेतली. माझ्या बाजूनं जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. तू सांग किंवा नको सांगू, असं काहीही त्या पाहण्यात नव्हतं. तो फक्त घाबरलेला होता.

बोट सुटली. मी हिरव्या गाडीचं दार उघडलं आणि गिबीकाकांच्या शेजारी जाऊन बसले.

"कोण?"

"मेरन. बर्टीकडची."

"हां, तपासणीवाली पोर." ते समोर बघत होते, पण मान जराशी बाजूला वळवून, कोपऱ्यातून मला पकडायचा प्रयत्न करत. "माझी गाडी पास केलीस."

"चांगली आहे. खालून तुमचा हात दिसतो."

ते खूश झाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तो नापास करून घ्यायला आला होता ना?"

मी सीटबेल्ट ओढला, परत सोडला.

"माझा मुलगा आहे तो, मला कळत नाही का? एरवी या गाडीकडे ढुंकून न बघणाऱ्याला ती तपासायला नेण्याचा उमाळा उगाच येतो का? तू नापास केली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी लर्विकला जाऊन दुसरी आणली असती. आणि त्याला नीट शिव्या दिल्या असत्या. मी वाट बघत होतो, कधी तोंड उघडतो. नाही उघडलं. म्हटलं, मग एवढं काही वाईट नसेल."

बोट डुलत होती. खाली इंजिनाची घरघर. मला माझ्या हातोडीची आठवण आली; ती असती तर ठोकून दाखवलं असतं, इथे आवाज बदलतो म्हणून. माणसांशी तसं करता येत नाही. तोंडानं सांगावं लागतं.

"गिबीकाका, मघाशी तुम्हाला हात दाखवला होता. थांबा म्हणून. तुम्हाला दिसला नाही."

"सूर्य होता."

"होता. मागच्या माणसालाही होता. त्याला दिसला."

त्यांनी टोपी पुढे ओढली.

"गाडी त्याच्या गुडघ्यांना टेकली, काका."

"कोणाच्या?" त्यांनी विचारलं. आणि मी सांगायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटलं. "कोण होता तो?"

"एर्लेंड."

स्टीअरिंगवरचे त्यांचे हात तसेच राहिले. मोठे, तेलानं कायमचे काळवंडलेले हात. मग ते हळूहळू मांडीवर आले.

"मी त्याला बोललो," ते म्हणाले. "कपड्यांवरून बोललो."

काचेवर खारे थेंब उडत होते, ते वाळून पांढरे होत होते. बोटीचा वेग कमी झाला तशी त्यांनी दाराची कडी चाचपली, खाली उतरले, बॉनेटला धरत-धरत गाडीला वळसा घातला आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक," म्हणाले. "चालवता येतं ना, की नुसतंच ठोकता येतं?"

उतारावर गाड्या बाहेर काढायला एर्लेंड उभा होता. हिरवी गाडी पुढे आली तेव्हा त्यानं स्टीअरिंगमागे मला पाहिलं, आणि शेजारी बापाला. गिबीकाकांनी काच खाली केली. बाहेर बघून, नक्की कुठे बघायचं ते न कळून, ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळी लवकर ये. बोलायचंय." त्यानं मान हलवली. मग आवाजानं सांगितलं पाहिजे हे लक्षात येऊन म्हणाला, "येतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये आला. व्हॅन न घेता, चालत. बर्टीकाका त्याला बघून उठले, म्हणाले, "मला बाहेर काम आहे," आणि जाऊन पावसात उभे राहिले.

"डॉक्टरकडे जायला तयार झालेत," एर्लेंड म्हणाला. "मी काही सांगायच्या आधीच. मग आम्ही दोघं... आईबद्दल बोललो. ती गेल्यापासून पहिल्यांदा." त्यानं टोपी हातात घेतली होती, ती पिळत होता. "मेरन, मी तुझ्याकडे खोटं मागायला आलो होतो."

"बापासाठी आला होतास."

"वर तुलाच बोललो. लोखंडाशी बोलतेस म्हणून."

"ते खरंच आहे. लोखंड उलट बोलत नाही."

"मी बोलतो."

"हो ना. फार बोलतोस," मी म्हटलं, "आणि इतके दिवस बोलला नाहीस, तेव्हा... इथे फारच शांत झालं होतं."

तो पुढे आला. माझ्या गालावर काळा डाग होता, तो त्यानं अंगठ्यानं पुसायला घेतला आणि अर्थातच आणखी पसरवला. मग पुसणं थांबलं, पण हात तिथेच राहिला. बाहेर बर्टीकाका खोकले. आम्ही हललो नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी लर्विकच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवता येईल. गाडी आता एर्लेंड चालवायचा, सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असायचे. गिबीकाका पुढे बसून सूचना द्यायचे — गिअर बदल, वळण आलं, तुझ्या वयात मी... वगैरे. वळणं त्यांना न बघता माहीत होती.

अशाच एका रविवारी उत्तर टोकाला पोचल्यावर ते एकटेच उतरले. "मी मेंढ्या बघतो. तुम्ही बसा. थंडी आहे." आणि कुंपणाच्या तारेवर हात ठेवून चालत गेले. मला नवल वाटलं. एरवी ते दोघांनाही कामाला जुंपायचे.

मी मागच्या सीटवर होते. एर्लेंड स्टीअरिंगवर बोटं वाजवत होता. वळून बघत नव्हता, आरशातून बघत होता.

"मला परत जहाजावर बोलावलंय," तो म्हणाला. "चांगली जागा आहे. मोठ्या इंजिनावर."

"मग?"

"नाही म्हणून कळवलं."

"काकांसाठी?"

"त्यांच्यासाठी एक. आणि..." तो थांबला. बाहेर वारा गवत आडवं पाडत होता. "मी आरशात बघून बोललो तर चालेल का? वळलो तर शब्द जातील."

"बोल."

"मला तुझ्याबरोबर राहायचंय. या बेटावर, म्हातारं होईपर्यंत. लग्न करून. तुझ्याबद्दल काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्याजवळ आलं की खोटं बोलायची गरजच वाटत नाही. असं मला दुसऱ्या कुणाजवळ झालेलं नाही." आरशातले डोळे खाली गेले. "तुला वेळ हवा असेल तर..."

"नको," मी म्हटलं.

तो गर्रकन वळला.

"वेळ नको," मी म्हटलं. "राहू या."

त्यानं सीटच्या वरून हात मागे टाकला, मी तो दोन्ही हातांत घेतला. काचा आमच्या श्वासानं धुरकट झाल्या होत्या. किती वेळ गेला कळलं नाही. मग काचेवर टकटक झाली. गिबीकाका. नाक लाल, टोपीला मेंढीची लोकर चिकटलेली.

एर्लेंडनं काच खाली केली.

"वारा उलटा आहे," ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणाली ती?"

"तुम्हाला माहीत होतं, काका?" मी विचारलं.

"पहाटेपासून आरशासमोर पाठ करत होता. मला दिसत नाही, ऐकू येतं. काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

ते वाऱ्याकडे तोंड करून जरा उभे राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही. मग गाडीच्या कडेनं हात फिरवत मागच्या दाराशी आले, ते उघडलं, आणि मला म्हणाले,

"ऊठ पोरी. पुढे जाऊन बस. तिथे आता तू."